चिंचेने खाल्लेला ओटा

एका दुपारपुरती 'कॉलेजची मैत्रीण' व्हायला कबूल झाली असती, तर दगडी ओटे घासून देणाऱ्या कादंबरीला त्या दिवशी दुप्पट पैसे मिळाले असते.

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या घराचं दार प्रथमेशने उघडलं तेच अपराधी चेहऱ्याने. लता काकूंच्या बेसमेंटमध्ये फुकट राहणारा हा पुतण्या. काकू लेकीकडे डॅलसला गेलेल्या. परतल्या की घरी सत्यनारायण. म्हणून या गुणी मुलाने पूजेची पितळी भांडी चिंचेने घासून लखलखीत केली होती — काकूंच्या इटालियन संगमरवरी ओट्यावर!

ओट्यावर पांढरट, खरखरीत वर्तुळं उमटली होती.

"डाग निघतील ना?"

"डाग नाहीत हे. आंबटाने दगड खाल्लाय. वर आणखी काय लावलंत?"

"व्हिनेगर…"

"वा! फोडणी तेवढी राहिली."

तो हसला. हसताना बरा दिसतो, हे तिने नाइलाजाने टिपून घेतलं.

"काकू लवकर आल्या तर… कॉलेजची मैत्रीण आहे म्हणाल? डबल देतो, प्लीज."

"व्हॅनवर माझं नाव फूटभर अक्षरांत आहे, लपवायला नाही लिहिलेलं. केमिस्ट्रीत मास्टर्स केलंय, नोकरी सोडून दगड घासते. आणि झकास घासते!"

तीन तास तिचं पॉलिशचं मशीन फिरत होतं. तो पाणी शिंपडत होता आणि ओट्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता.

"हात फिरवून बघा."

"गार… रेशमासारखं." दोन तळवे शेजारी थांबले. कुणीच उचलेना…

तेवढ्यात गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज. बॅग ओढत काकू आत!

"प्रथमेश, ही कोण रे?"

कादंबरीने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलला, तर सामान उचलून चालू लागायचं — तिचं ठरलं होतं.

"काकू, ओटा मी खराब केला होता. चिंचेने. या कादंबरी, त्यांनी वाचवला. इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलेलं नाही."

काकूंनी वाकून, तिरक्या उजेडात ओटा पाहिला. "कुठे खराब झाला होता?"

"तेच तर!" तो असा ताठ उभा, जणू त्यानेच घासला होता.

कादंबरीने मशीनचे पॅड आवरायला मुद्दाम वेळ लावला.

"जेवायला… याल माझ्याबरोबर?" त्याने हळूच विचारलं.

"अहो-जाहो करणाऱ्यांबरोबर मी जेवत नाही."

"मग… येशील?"

"येईन."

बिल काकूंनी त्याच्याकडूनच भरून घेतलं. वर पुढच्या महिन्यापासून बेसमेंटला भाडं लावलं. जेवणाचा खर्चही त्याच्याच अंगावर. सगळीकडे खिसा त्याचा रिकामा — आणि शीळ घालत कपडे बदलायला पळाला, तोही तोच.