दोघांची एक खाट

लाइट येईपर्यंत बसा इथंच. मोबाइल खिशात घाला, उजेड डोळ्यांवर येतो. तर ही गोष्ट भारतची. आपल्या सातपूरचाच, मागच्या गल्लीतला फिटर भारत. त्यानंच सांगितली मला, आणि त्या माणसाच्या तोंडून खोटं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. भारत मस्कतहून मुंबईला उतरला तो संध्याकाळी पाचला. कंपनीनं त्याला आता सिंगापूरला धाडलं होतं आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाचं. मधले सतरा तास मोकळे. दुसरा कोणी असता तर चौपाटीवर भेळ खात बसला असता. भारतनं भाड्याची गाडी केली आणि नाशिकचा रस्ता धरला. चार तास जायला, चार यायला. उरलेल्या वेळात बायकोच्या हातचं जेवण, पोरीचं तोंड, आणि स्वतःच्या पलंगावर चार तास झोप. अडीच वर्षांनी घर दिसणार होतं, पुढची सुट्टी आणखी दोन वर्षांनी. माणूस एवढ्यासाठी जीव टाकतो बाबांनो.

आणखी एक काम होतं. बॅगेत लाल फडक्यात बांधलेला एक डबा होता. त्यात मोतीरामच्या अस्थी.

मोतीराम घोटीकडचा, उंच, काटकुळा. मागंपुढं कोणी नाही, म्हणून अकरा वर्षांत सुट्टीलासुद्धा आला नाही. मस्कतच्या कॅम्पात दोघांना मिळून एकच खाट होती. भारत दिवसपाळीला, मोतीराम रात्रपाळीला. पहाटे मोतीराम कामावरून यायचा, खाटेच्या लोखंडावर बोटातली अंगठी आपटायचा, टक् टक्, आणि म्हणायचा, “ऊठ भारत, लय दमलोय. टेकू दे जरा.” भारत डोळे न उघडताच म्हणायचा, “पड मोतीभाऊ निवांत. मी उठलो.” सहा वर्षं रोज हेच.

भारतनं लग्नात स्वतः वेल्डिंग करून पलंग बनवलाय, त्याचं कौतुक त्याला भारी. मोतीरामला म्हणायचा, “एकदा चल माझ्या घरी. त्या पलंगावर पड हवा तेवढा. कोणी उठवणार नाही तुला.”

मोतीराम हसायचा. नोव्हेंबरात तो कामावरच बसल्या बसल्या गेला. तिकडंच दहन झालं. अस्थी रामकुंडात सोडायचं भारतनं कबूल केलं.

भिवंडीला गाडी अडकली. सातपूरला पोचायला साडेदहा झाले. आता तुम्हाला माहीत आहे, अस्थी घरात नेत नाहीत. बाहेर झाडाला टांगतात. पण गल्लीत झाड होतं एकच, तेही गाड्या लावायला तोडलेलं. दाराबाहेर ठेवाव्यात तर कुत्री. रामकुंडावर जाऊन यावं तर पाय उचलेना. दारात बायको दीपमाला उभी, पोरगी आरोही जागी राहून राहून पेंगलेली, आत महालक्ष्मीचा घट मांडलेला. त्याला वाटलं, चार-साडेचार तासांचा तर प्रश्न आहे, जाताना सोडू. बायकोला काही बोलला नाही. बॅग पलंगाखाली सरकवली. दमलेल्या माणसाची अक्कल पायांत जाते.

जेवला. आरोही पलंगावर भिंतीकडेला झोपली, हा तिच्या शेजारी. दीपमाला स्वयंपाकघरात. तीनचा गजर लावला आणि पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपला.

दोनला दहा कमी होते.

टक्. टक्.

“ऊठ भारत. लय दमलोय. टेकू दे जरा…”

“पड मोतीभाऊ निवांत. मी उठलो.”

आणि उठला की हो! डोळे मिटलेलेच. चार पावलं गेला. कॅम्पात तिथं त्याचं कपाट होतं. हात पुढं केला.

कपाट नव्हतं.

डोळे उघडले. समोर घट. समईची बारीक वात. भिंतीवर आरोहीची चित्रं.

हे मस्कत नव्हतं.

मागं पलंग करकरला. एकदाच. मोठं माणूस कूस बदलतं तसा.

मग एक सुस्कारा… लांब. पाठ टेकली की मोतीराम सोडायचा तो.

पलंगावर आरोही होती.

भारतला वळायचं होतं. मान वळेना. समईची वात हलत होती, वारा नव्हता…

वळला.

आरोही भिंतीला चिकटून झोपलेली. शेजारची जागा रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेवर… गादी हळूहळू खाली दबत होती.

त्यानं झेप घालून पोरीला उचललं. दीपमाला धावत आली. बॅग पाहिली, ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. “अहो, घट बसलाय घरात! मला एका शब्दानं विचारायचं होतंत. मी उभी राहिले असते रात्रभर तो डबा घेऊन.” तिला रागही होता आणि रडूही येत होतं. निरोप असा झाला.

भारत तडक रामकुंडावर गेला. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून अस्थी सोडल्या, हात जोडले, म्हणाला, “मोतीभाऊ, चुकलो. झोप आता.” विमान गाठलं. वाटेत डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दीपमालाचा फोन गेला. गादीत खळगा पडलाय. तिनं पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, नवी खोळ घातली. सकाळी पुन्हा खळगा. आता भारत पाच फूट तीन इंच. खळगा पार पायथ्याच्या पट्टीपर्यंत.

“दोन वर्षांनी याल,” ती म्हणाली, “तुमचं अंथरूण कुठं घालू?”

कोणी उठवणार नाही, असा शब्द भारतनंच दिला होता.

मायलेकी आता खाली झोपतात. परवा दुपारी मी मुद्दाम गेलो बघायला. ही अशी थंडी, खिडकी सताड उघडी, फरशीला पाय लागवत नव्हता. पलंगावर सकाळपासून कोणी बसलेलं नाही, असं दीपमाला म्हणाली. मी वाकलो, खळग्यात हात ठेवला…

गादी गरम लागत होती.