तिसऱ्या फेडरला हात कोणी लावला?

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी टेबलाखाली होते आणि तो चोरासारखा माझ्या खोलीत शिरला होता. प्रेमाची सुरुवात अशी कुणाचीही होऊ नये.

नाटकाच्या थिएटरात प्रेक्षकांच्या मागे, वरच्या अंगाला, एक काचेची खोली असते. आवाज सांभाळणाऱ्याची. ती माझी. आत एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि त्या दिवशी सकाळीच खोक्यातून बाहेर काढलेला मिडी कंट्रोलर. तोवर मी सगळ्या नटांचे माइक सॉफ्टवेअरमध्ये माउसने वरखाली करायचे, म्हणजे एका वेळी एकच. दोघं एकदम बोलले की माझी तारांबळ! आता आठ फेडर, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या आठ पट्ट्या, माझ्या बोटांखाली आल्या होत्या. पण या यंत्राला आधी शिकवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये 'लर्न' दाबायचं, पडद्यावर एक माइक निवडायचा आणि हवा तो फेडर हलवायचा. झालं, तो फेडर त्या माइकचा. एकदा शिकलं की दुसरा माइक निवडेपर्यंत ते पुढचं काही घेत नाही. पहिला निवेदकाला दिला, दुसरा वडिलांना, तिसरा डॉक्टरला, आणि तिन्हींवर नावांच्या चिकटपट्ट्या डकवल्या. मग पडद्यावर ताईंचा माइक निवडला. ताई म्हणजे आमच्या नाटकाच्या नायिका. आणि नेमकं तेव्हाच नावं लिहायच्या चिकटपट्टीचं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं.

मी खाली शिरले. दार करकरलं. समोर दोन बूट येऊन थांबले...

"कोण आहे?" मी ओरडून उठले आणि डोकं टेबलावर असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे बापरे! लागलं का?"

आवाजावरून लगेच ओळखलं. नाटकात तो डॉक्टर होता, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. काचेतून तो मला अंगठ्याएवढा दिसायचा, पण हेडफोनमध्ये अगदी कानाशी असायचा. प्रवेशाआधी घेतलेला श्वास, विंगेत कुणाला तरी हळूच म्हटलेलं 'थँक्यू'... आपला माइक चालू आहे हे विसरलेला माणूस कसा असतो, ते मला पुरतं ठाऊक असतं. जवळून पाहिला तर नाकावर चष्म्याची खूण आणि चेहरा रंगेहाथ पकडल्यासारखा.

"तुम्ही इथे काय करताय?"

"मी... जरा हवा खायला आलो होतो."

"या खोलीला खिडकी नाही."

"हो. आत्ताच लक्षात आलं," म्हणाला आणि चक्क हसला.

हसण्यासारखं काय होतं त्यात? मी त्याला दार दाखवलं. तणतणतच चौथा फेडर हलवला, त्यावर 'ताई' अशी पट्टी डकवली आणि 'लर्न' बंद केलं.

तालमीआधी मी नेहमीप्रमाणे सगळे फेडर वर ठेवून एकेकाचा आवाज तपासला.

"माइक तीन, काहीतरी बोला," मी खोलीतल्या माझ्या माइकवरून म्हटलं.

"डोकं कसं आहे?"

अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं! "नाटकातलं वाक्य बोला," मी फणकारले.

"पेशंटने आराम करायला हवा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "नाटकातलंच आहे हो. तिसऱ्या अंकातलं."

खाली हशा पिकला. माझे कान तापले. आई म्हणते, माझ्या नाकावर राग भाड्याने राहत नाही, त्याचं स्वतःचं घर आहे तिथे. मी आधी माझा माइक बंद केला आणि मगच हसले. उगाच कुणाचा गैरसमज नको.

पहिला अंक नीट गेला. दुसऱ्यात ताई रडत विंगेत गेल्या. मी चौथा फेडर पार खाली आणला. प्रकाश मंदावला. रंगमंचावर डॉक्टर एकटा उरला. त्याच्या स्वगतासाठी मी तिसरा फेडर हलकेच वर नेला... आणि थिएटरभर ताईंचा आवाज घुमला, "याला नाटकातलं ओ की ठो कळत नाही. नुसता बोंबलत असतो!"

हा 'याला' कोण, ते सगळ्यांना कळलं. दिग्दर्शक सर पहिल्या रांगेतून उठले आणि माझ्या काचेकडे वळले.

"मॅडम! परवा खेळ आहे. जमत नसेल तर सांगा, मी काकांना बोलावतो. त्यांना असले डबे लागत नाहीत!"

काकांच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं वायरी गुंडाळल्या होत्या. एकटीने सांभाळायचं हे माझं पहिलं नाटक होतं. "मी ताईंचा माइक बंद केला होता! या हातांनी!" मी सांगत राहिले. ऐकतंय कोण? सर फोन काढून बाहेर निघून गेले.

मी कोणत्या फेडरवर कोणता माइक आहे ते पडद्यावर उघडलं. तिसऱ्यावर दोन नावं होती, डॉक्टर आणि ताई. चौथ्यावर काहीच नाही. म्हणजे ताईंचा माइक निवडून 'लर्न' चालू असताना कुणीतरी तिसरा फेडर हलवला होता. मी नाही. मी तेव्हा टेबलाखाली होते...

हवा खायला म्हणे!

मी धाडधाड जिना उतरले. तो विंगेत उभा होता.

"तिसऱ्या फेडरला हात कोणी लावला?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "मी. त्यावर माझं नाव होतं. थोडासाच... खाली केला."

"खाली? आपला आवाज स्वतःहून कमी करणारा जगातला पहिला नट तू!" रागाच्या भरात मी अरे-तुरेवर आले होते.

"बाकीच्यांशी तुम्ही एकदाच बोलता," तो खाली बघत म्हणाला. "ज्याचा आवाज कमी येतो, त्याला पुन्हा पुन्हा बोलायला सांगता. मागे माझा माइक बिघडला होता ना, तेव्हा कितीतरी वेळ आपण... मला वाटलं, आणखी एकदा..."

माझा पारा आणखी चढला.

"त्यासाठी माझं पहिलं नाटक घालवायचं? बोलायचं होतं तर सरळ येऊन बोलायचं! तोंड आहे ना? त्याच्यावरच तर पोट भरतोस!"

"तिथे वाक्यं लिहून दिलेली असतात."

"मग हे वाक्य मी देते. जा, आणि सरांना सगळ्यांसमोर खरं सांग."

तो गेला. सर बाहेरून परत येत होते, तेवढ्यात हा रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याचा माइक अजून चालू होता.

"सर, काकांना बोलावू नका. चूक तिची नाही. तिच्या खोलीत जाऊन मी फेडर हलवला."

"तू वर कशाला गेला होतास?"

त्याने विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मी विंगेत, जीव मुठीत धरून... काहीही सांग, पण खरं नको.

"तिचा आवाज ऐकायला."

कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी कपाळाला हात लावला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"मग इथे उभ्या काय राहिलात?"

बस्स. 'चुकलो, उगाच रागावलो' असा एक चकार शब्द नाही! मी पुटपुटत वर गेले, तिसऱ्यावरून ताईंना काढलं आणि चौथ्यावर आणलं. मग बाकीचे सगळे खाली ठेवून एकेक फेडर वर केला आणि तपासला.

दारावर टकटक झाली. "आत येऊ?"

"हात खिशात घालून ये."

तो खरोखर हात खिशात घालून आत आला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

"सगळ्यांसमोर ते सांगायची काय गरज होती?" मी विचारलं. "काहीतरी थाप मारायची."

"तू ऐकत होतीस ना... तुला लगेच कळलं असतं."

कळलंच असतं. मला तो आवडत होता. आजपासून नाही, त्याचं तोंड नीट पाहण्याच्याही आधीपासून. आणि माझं नाटक बुडवायला निघालेला हा माणूस मला अजूनही तेवढाच आवडतोय, याचाच संताप सगळ्यात मोठा होता.

"अजून रागावली आहेस?"

"हो. आणि हा राग आज संपायचा नाही. तालीम झाली की चहाला चल. तिथे मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये एक अक्षर काढायचं नाही."

"एकही नाही?"

"तू मला आवडतोस, हे माझं सांगून होईपर्यंत नाही."

त्याचे हात खिशातून बाहेर आले. खालून सरांचा आवाज आला, "मॅडम, झालं का? आम्ही खोळंबलोय!"

मी माझ्या माइकचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हटलं, "थांबा जरा."