पाय टेकतील अशी सायकल

"थांबू नका! जा तुम्ही पुढे!" अमिषा ओरडली.

डोंगरावरून सुसाट उतरलेला तो सायकलवाला नेमका तिच्यापाशीच थांबला. कचकन ब्रेक, एक पाय जमिनीवर, झालं. जणू जमीन त्याच्या वडिलांनी त्याच्या नावावर करून ठेवली होती! अमिषाचा मात्र डावा पाय रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर होता — पाय कसला, नुसती बोटं — आणि उजव्या हाताला खोल चर. कठडा सोडला की थेट चरात.

"अडकलात?"

"छे... देखावा बघतेय."

त्याने देखाव्याकडे पाहिलं. किहीमच्या मागची वालाची शेतं धुक्यात बुडाली होती आणि माडांच्या नुसत्या झावळ्या वर तरंगत होत्या. देखावा खरोखरच बघण्यासारखा होता.

"कधीपासून बघताय?"

"झाला बराच वेळ."

तो हसला नाही. पुढे होऊन त्याने तिच्या सायकलचं हँडल घट्ट धरलं आणि मान वळवून पुन्हा त्या माडांकडे पाहत राहिला... ती उतरेपर्यंत. दांड्यावरून पाय काढताना होणारी तिची केविलवाणी कसरत त्याने पाहिलीच नाही. पुरुष कुठे बघतात यावर अमिषाची बारीक नजर असे. हा बघत नव्हता, हे तिने बघून ठेवलं.

"भाड्याची का?" त्याने विचारलं.

"हो. सगळ्यात लहान माप म्हणून दिली."

"कुणाचं सगळ्यात लहान?"

"सामान्य माणसांचं," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसली.

त्याचं नाव निकेत. पोयनाडला घरचा ट्रकचा धंदा. आठवडाभर ट्रक आणि रविवारी डोंगर. अमिषा अलिबागच्या कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवायची. तिच्या तासाला फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा असे. लग्न मोडून ती किहीमला माहेरी परतली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. घरात आई सगुणा आणि पाच वर्षांची राही. राही जन्मली तेव्हापासून एक भीती अमिषाच्या मनात मुक्कामाला आली होती, ती काही हलायचं नाव घेत नव्हती — मला काही झालं तर हिचं काय? गॅसचं बटण बंद केल्यावर पुन्हा एकदा बघायचं, राहीच्या द्राक्षांचे चार चार तुकडे करायचे, हे सगळं त्या भीतीचंच काम. आणि तरी रविवारी डोंगरावरून खाली येणारे सायकलवाले दिसले, की ती हातातलं काम टाकून बघत राहायची. लाटेवरून होडी उतरावी तसे उतरायचे ते, दगडांवरून.

"मला तसं उतरून बघायचंय," ती म्हणाली. "पण एक अट आहे. वाटेल त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मला पाच वर्षांची मुलगी आहे. पडायला वेळ नाही मला."

"मग पुढे आणि मागे, दोन्हीकडे धक्के खाणारे शॉक असलेली घ्यावी लागेल. फुल सस्पेन्शन." त्याने डोकं खाजवलं. "पण मागचा शॉक बसवायचा म्हणजे मधला दांडा वर जातो. उंची कमी असली की... जागाच ठेवत नाहीत हो हे लोक."

"त्याची सवय आहे मला."

"मला नाही ना," तो म्हणाला. "शोधतो मी."

आणि शोध सुरू झाला. निकेत पुण्या-नाशिकच्या दुकानांत फोन करी आणि संध्याकाळी अमिषाला साग्रसंगीत हकिगत ऐकवी.

"आजचा दुकानदार म्हणाला, मॅडमना मुलांच्या विभागात आणा. गुलाबी आहे. पुढे टोपली, वर घंटी फुकट."

"टोपलीत काय ठेवू?"

"स्वाभिमान."

अमिषा इतकी हसली की वाल सोलत बसलेल्या सगुणाने मान वर केली. "कोन गो बाय? तो सायकलवालाच ना?"

"हो."

"मिलाली सायकल?"

"नाही अजून."

"मंग एवढं हसायला काय झालं?"

राहीला वेगळीच काळजी. "आई, तू मोठी झालीस की मोठी सायकल घेशील?"

हळूहळू फोनवरचं सायकलचं बोलणं आखूड होत गेलं आणि इतर बोलणं लांबत गेलं. समुद्र आज कसा होता... कोणता ट्रक घाटात रुसला... राही झोपताना कोणती गोष्ट मागते. माडांतून वारा सळसळत यायचा, आणि मधेच दोघंही गप्प झाली तरी फोन कुणीच ठेवत नसे.

अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "तुमची नक्की उंची सांगा बरं. आणि पायांचं माप. भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांमध्ये पुस्तक धरायचं... म्हणजे जमिनीपासून पुस्तकापर्यंत..." त्याचा आवाज चाचरला. "घरीच मोजा तुम्ही. आईंना सांगा."

"उंची पाच फूट," अमिषा बोलून गेली.

पाच फूट ही स्थळांना सांगायची उंची होती. गावोगाव स्थळं सुचवत फिरणाऱ्या रंगूआत्याला सगुणाने तेवढीच सांगितली होती. लग्नाच्या बोलण्यात दोन-तीन इंच सगळेच वाढवतात. सांगून सांगून तो आकडा अमिषाच्या जिभेवर नावागावासारखा बसला होता. खरी ती चार फूट नऊ इंच. चूक सुधारायला तिने तोंड उघडलंही, पण पलीकडून निकेत "वा! मग जमलंच!" असं काही ओरडला की तिने ते मिटून घेतलं. आणि मग पायांचं मापही त्या पाच फुटांना शोभेल असं ताणून सांगितलं. फिजिक्सच्या बाईंनी!

जानेवारीत सायकल आली. साताऱ्याच्या कुणा मुलीने विकायला काढलेली, निकेतच्याच ट्रकमधून. समुद्र ढगाळ दिवशी दिसतो ना, तसा हिरवट करडा रंग. पोयनाडच्या ट्रकच्या आवारात उतरतं ऊन पसरलं होतं. शेतात कुठेतरी पोपटी लागली होती. मडक्यात भाजल्या जाणाऱ्या वालाच्या शेंगांचा खमंग धूर अंगणापर्यंत येत होता. अमिषाने दांड्यावरून पाय टाकला... आणि उभी राहिली ती चवड्यांवरच. टाचा काही केल्या जमिनीला लागेनात.

निकेतचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्याने फोन काढला. "फसवलं त्या मुलीने. पाच फुटाला बरोब्बर बसते म्हणाली होती. तुम्ही इतके दिवस वाट पाहिलीत, आणि ही खुशाल खोटं बोलते? आत्ता विचारतो."

रिंग वाजू लागली. गप्प राहिलं की सगळं साताऱ्यावर निभावणार होतं. बोललं की... संध्याकाळचे ते फोन, ते हसणं, सगळंच गेलं कदाचित.

"फोन ठेवा," अमिषा म्हणाली. "खोटं ती नाही बोलली. मी बोलले."

त्याने वळून पाहिलं.

"मी पाच फूट नाही. ते स्थळांसाठी सांगायचं असतं." एक निघालं तसं दुसरंही तिला आवरेना. "आणखी एक खोटं सांगते आई. मुलगी आजोळी राहील, असं. नाहीतर कुणी बघायलाच येणार नाही म्हणते. पण राही कुठेही मागे राहणार नाहीये. जिथे मी, तिथे ती. हे... तुम्हाला माहीत असावं म्हणून."

"हॅलो? हॅलो?" फोनमधून साताऱ्याचा आवाज आला.

"हां ताई," निकेत म्हणाला, "सायकल पोचली. फार छान आहे. तेवढंच सांगायचं होतं." त्याने फोन खिशात टाकला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "आजवर ज्याला ज्याला सायकल घेऊन दिली, त्याला मी स्वतः टेप लावून मोजलंय. तुम्हालाच तेवढं फोनवर विचारलं."

"का?"

"टेप लावायची म्हणजे जवळ यावं लागतं. हात थरथरला असता... माप चुकलं असतं."

"आणि आता नाही चुकलं?"

तो ओशाळून हसला. "आता मोजू?"

ती ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून उभी राहिली. त्याने तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. पट्टी थरथरलीच. त्याच्या शर्टाला धुराचा आणि ग्रीसचा वास येत होता, आणि अमिषाला वाटलं, ही संध्याकाळ अशीच आडवी पसरून राहावी, मोजून संपूच नये.

"चार फूट नऊ," तिने स्वतःच सांगून टाकलं.

"साडेआठ," तो हळूच म्हणाला. "वरचा अर्धा इंच अंबाड्याचा आहे."

मग तो भराभर बोलू लागला. चाकं एक माप लहान बसवू. पेडलचे दांडे, क्रँक, आखूड घालू, म्हणजे पेडल दगडाला लागायचं नाही. तुमच्या वजनाला हा शॉक दबतच नाही, हवा कमी करू. अमिषा मान डोलवत राहिली. चाकांचं बोलला, हवेचं बोलला. राहीचं एका शब्दाने बोलला नाही. घरी येऊन तिने झोपलेल्या राहीचं पांघरूण सारखं केलं आणि स्वतःला बजावलं — सायकल मिळतेय ना? मग झालं तर.

पुढच्या रविवारी डोंगराच्या पठारावर ती सायकल तिच्यासमोर उभी होती. अमिषाने पाय टाकला. दोन्ही टाचा, दोन्ही तळवे, पूर्ण जमिनीवर! तिला एकदम रडूच यायला लागलं.

"घाई नाही," निकेत म्हणाला. "वाटेल तिथे थांबा."

पण थांबता येतंय म्हटल्यावर तिला थांबावंसं वाटेना. दगड यायचे आणि चाकांखाली विरघळून जायचे. सायकल श्वास घेत होती, वर... खाली... वर... गवत पिवळं, वारा गार, आणि दूरवर समुद्र असा झोपाळलेला की आकाश कुठे सुरू होतं ते कळू नये. पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच, तिच्या मनातली ती भीती गप्प बसून वारा खात होती.

पायथ्याशी आंब्याखाली ती थांबली. मागोमाग तोही आला, आणि धाप लागलेल्या आवाजात एकदम म्हणाला, "रंगूआत्या आमच्याकडेही येऊन गेली होती. पावसाळ्याआधी."

अमिषाच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"किहीमची मुलगी आहे म्हणाली. शिकलेली, पाच फूट, तिची लेक आजोळी राहील. मी नाव विचारायच्या आधीच नको म्हणालो."

"उंचीमुळे?"

"नाही हो. त्या मागे राहणाऱ्या मुलीमुळे. म्हटलं, पोरीला मागे ठेवून येणाऱ्या बाईशी आपण बोलायचं तरी काय?" त्याने चेहऱ्यावरचा घाम पुसला. "त्या दिवशी तुम्ही बोललात आणि मला कळलं, ती तुम्हीच होतात. आठवडाभर शब्द जुळवतोय, अमिषा... नुसती चाकं जुळली."

वर आंब्याची पानं सळसळली. त्याला राहवेना.

"परत पाठवू का रंगूआत्याला?"

"अजिबात नको. ती पुन्हा काहीतरी वाढवून सांगेल." अमिषाने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आम्हीच येतो. बघायला. मी आणि राही."

"मुलगी येणार मुलाला बघायला?"

"का? पोहे करता येत नाहीत?"

"येतात... म्हणजे, रविवारपर्यंत येतील."

"आणि हे बघ," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता, समुद्राकडे बघत, पण गालावरचं हसू काही तिला लपवता आलं नाही. "राहीच्या पोह्यांत शेंगदाणे घालू नकोस. तिच्या घशात अडकतात."

"कूट करून घातलं तर?"

"तरी नको."

"नाही घालणार," निकेत म्हणाला, अंतरपाटापुढे उभं राहून म्हणावं तसं.