दोन-सहाचा हात

बांगडी काही केल्या निघेना.

अंतराने तेल लावून पाहिलं, भांड्यांचा साबण लावून पाहिला. शेवटी आईने ओढली, तेव्हा तर अंतराच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि बांगडी कुठली, तर थेट इटलीची! मखमली पिशवीतून, चकचकीत खोक्यातून आलेली. मागवताना तीन मापं होती, त्यातलं तिने 'लहान' निवडलं. आपला हात फार नाजूक आहे, अशी तिची स्वतःविषयी एक गोड समजूत होती.

"चल आबाजींकडे," आई म्हणाली. "तेच काढतील."

दहिवलीहून पूल ओलांडून दोघी कर्जतच्या बाजारात आल्या, तेव्हा श्रावणातली सर येऊन नुकतीच गेली होती आणि दुकानांच्या पत्र्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं. आबाजींच्या बांगड्यांच्या दुकानात गादीवर मात्र आबाजी नव्हते. एक तरुण होता. त्याच्यासमोर डोंगराकडच्या गावातली एक म्हातारी हात पुढे करून बसली होती.

"हलू रं," म्हातारी करवादली. "हात हाय माजा, फळकूट नाय."

"झालं, सुंदराआजी. ही शेवटची... बघ, गेलीसुद्धा." मग त्याने वर पाहिलं. "बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, काकू. आता मीच असतो. यज्ञेश."

अंतराने हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला, फिरवून पाहिला.

"कुठून घेतली?"

"मागवली. बाहेरून."

"बाहेरून म्हणजे... कल्याण?"

"इटली."

"अच्छा," तो गंभीरपणे म्हणाला. "मग काढायलाही त्यांनाच बोलवायचं ना."

तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या बोटांनी तोवर तिच्या अंगठ्याखालचा भाग हलकेच दाबायला सुरुवात केली होती, आणि राग कुठून आणायचा हेच तिला आठवेना.

"हात सैल सोडा."

"सैलच आहे."

"हा सैल? मग मुठीत लपवलंय काय?"

ती हसली — आणि हसता हसता हात ढिला पडला. बांगडी त्याच्या बोटांत होती. त्याने हसवलं ते त्यासाठीच, हे तिला घरी गेल्यावर कळलं.

"दोन-सहाच्या मापाचा हात आहे तुमचा. लक्षात ठेवा."

"तुम्हीच ठेवा," ती बोलून गेली, आणि आईकडे बघायचं तिने कटाक्षाने टाळलं.

त्यानंतर रसायनीहून येणारी कंपनीची बस तिला बाजारातच सोडू लागली. म्हणजे बस पूर्वीही तिथून जायची, पण अंतरा पुढे उतरायची. आता तिला बाजारात रोज काहीतरी काम निघे. कधी पिना, कधी रबरबँड. यज्ञेश तिला येताना पाहिलं की गादीवरूनच विचारी, "आज कुठला देश?" कारण तिच्या घरी कोरियाची क्रीमं होती, तुर्कस्तानचा दिवा होता, आणि जपानची एक सुरी होती जिने आईने अजून कांदासुद्धा चिरला नव्हता.

"तुमच्याकडे काय आहे?" ती चिडवायची. "तेच लाल, तेच हिरवं."

"बघायला या मग. रोज येताच आहात."

दुकान पूर्वीसारखं चालत नव्हतं, हे तिला दिसायचं. कॉलेजच्या मुली यायच्या, दहा जोड हातात घालून बघायच्या, फोटो काढायच्या आणि 'ऑनलाइन बघतो' म्हणून निघून जायच्या. यज्ञेश पसरलेल्या बांगड्या रंगाप्रमाणे पुन्हा दोऱ्यांत ओवून ठेवायचा. एकदा तिने फोनवर त्याला एक फोटो दाखवला. चांदीची बारीक बांगडी, तिच्यावर एकच निळा खडा.

"डेन्मार्कची आहे. असलं काही ठेवा ना दुकानात, मग मी तुमची कायमची..."

"कायमची काय?"

"...गिऱ्हाईक."

दोघंही हसले. मग तो म्हणाला, "पाठव तो फोटो." पहिल्यांदाच एकेरीत बोलला होता. फोटोच्या निमित्ताने नंबर हवाय, असं तिला वाटलं आणि ते फार आवडलं. तिने फोटो पाठवला आणि विसरून गेली. खरंच विसरून गेली, कारण त्या दिवसापासून तिचं बाहेरून मागवणंच बंद पडलं. दर शनिवारी ती यज्ञेशसमोर हात पुढे करून बसायची आणि सोमवारी ऑफिसात नव्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. तिला दुसरं काही नकोच होतं.

नवरात्रात चौक गावचं स्थळ आलं. मुलगा रसायनीतच नोकरीला, स्वभावाने सरळ. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच खरी पंचाईत. अंतरा दुकानात गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "रविवारी माणसं येणार आहेत. मला बघायला."

यज्ञेशच्या हातातला दोरा तसाच राहिला. "एवढ्यात?"

"मग कधी?"

"थोडं... थांबवता नाही येणार?"

"कशासाठी थांबवू?"

ती डोळे रोखून त्याच्याकडे बघत होती. एक शब्द — 'माझ्यासाठी' — एवढाच हवा होता. घरी सांगायची, भांडायची, सगळी तयारी करून आली होती ती. आई तर अर्धी ओळखूनच होती. पण यज्ञेशने फोन उचलला, काहीतरी पाहिलं, पुन्हा खाली ठेवला.

"सांगतो. थोडे दिवस दे."

तिने दिले. रविवार झाला, चौकची मंडळी पोहे खाऊन गेली, होकारही आला. बाबांना तिने "विचार करते" म्हणून झुलवत ठेवलं. आणि रोज संध्याकाळी दुकानात यज्ञेश तिच्याशी अर्धं बोलायचा, अर्धं फोनकडे बघायचा.

"काय एवढं असतं रे त्यात?"

"काही नाही."

"माझ्यापेक्षा महत्त्वाचं?"

तो नुसता हसला. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. त्या रात्री जेवताना तिने बाबांना सांगून टाकलं, "मला पसंत आहे."

तुळशीचं लग्न झालं आणि तिची तारीख ठरली. चुडा भरायला आबाजींनाच बोलावलं होतं, पण त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन यज्ञेश आला.

ओटीवर मावश्या, आत्या, शेजारणी दाटीने बसल्या होत्या. यज्ञेशने माप विचारलं नाही. तिचा हात घेतला आणि एकेक बांगडी चढवू लागला. बायकांचं बोलणं हळूहळू मानपानावर घसरलं, आवाज चढले, तेव्हा अंतरा खाल मानेने म्हणाली, "का नाही बोललास?"

"ती येईल म्हणून थांबलो होतो."

"कोण?"

"निळ्या खड्याची. मागवली होती तुझ्यासाठी. मुंबईत कस्टममध्ये अडकली... रोज बघत होतो, सुटली का. हातात आली की विचारणार होतो तुला."

"कुठल्या निळ्या खड्याची?"

यज्ञेशची बोटं थांबली. तिला खरंच आठवत नव्हतं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मग तिला आठवलं. डेन्मार्क. तो फोटो.

"अरे वेड्या," ती पुटपुटली. "ह्यातली एक दिली असतीस ना... साधी, काचेची."

"इथलं काही तुला आवडेल असं वाटलंच नाही मला."

"मग मी दर शनिवारी कशाला येत होते?"

"गिऱ्हाईक म्हणून," तो हळूच म्हणाला. "तूच म्हणाली होतीस."

तिने डोळे मिटून घेतले. "आली का ती?"

"आली. तुझी पत्रिका दुकानात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

अजूनही त्याने विचारावं म्हणून ती थांबली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, चौकच्या त्या सरळ माणसाचा काहीच दोष नव्हता. तरी त्या घटकेला यज्ञेशने विचारलं असतं, तर ती भरल्या हाताने उठली असती. यज्ञेशलाही ते कळलं असावं. त्याने एकदा आत, तिचे बाबा मांडववाल्याशी बोलत होते तिकडे पाहिलं, आणि पुढची बांगडी उचलली.

"झालं का?" आई चहा घेऊन आली. लेकीचे ओले डोळे तिने पाहिले, क्षणभर यज्ञेशकडेही पाहिलं, आणि कप खाली ठेवला. "नमस्कार कर गं. चुडा भरणाऱ्याला नमस्कार करायचा असतो."

यज्ञेशने पाय आत ओढले. "मला नको, काकू. मी काय..."

"आबाजींच्या जागी आलात ना? मग घ्यायला हवा," एक आत्या म्हणाली, आणि सगळ्याजणी ऐकायला गप्प झाल्या.

अंतरा वाकली. हिरव्या चुड्याचे दोन्ही हात त्याच्या पावलांपाशी टेकले. मग त्याने घसा साफ केला.

"अखंड सौभाग्यवती हो," यज्ञेश म्हणाला. "सुखात राहा."

त्याने ते अगदी मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच तिला लवकर उठता आलं नाही.