किचनमध्ये पडलेला चष्मा

तिने तोंड उघडलं होतं, बोटही उचललं होतं. पण तो आधी बोलला.

"माझा फॉल्ट. पाय रेषेवर होता."

खेळ जागच्या जागी थांबला. नेटपलीकडच्या त्या उंच, नव्या माणसाने नुकताच असा काही फटका हाणला होता की बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि टाळ्या चालू असतानाच हा गृहस्थ खाली मान घालून स्वतःच्याच बुटाकडे बोट दाखवत होता!

"अहो, कुणाला दिसलं नाही ते!" त्याचा जोडीदार कळवळून म्हणाला.

"मला दिसलं ना," तो शांतपणे म्हणाला आणि चेंडू नेटवरून तिच्याकडे टाकला.

तिने तो झेलला... आणि उचललेलं बोट हळूच खाली घेतलं. तिलाही दिसलं होतं. बुटाचं टोक रेषेला जेमतेम शिवलं होतं. आजवर असली वाक्यं या हॉलमध्ये फक्त ती बोलायची आणि मग सगळे तिच्याकडे डोळे वटारून बघायचे. आज कुणीतरी तिचं वाक्य तिच्याआधी बोललं होतं. पुढचे तिन्ही चेंडू तिने नेटमध्ये मारले.

तो हॉल म्हणजे एके काळचं गालिच्यांचं गोदाम. आता तिथे पिकलबॉलची दोन कोर्टं आखली होती. हा खेळ सोपा दिसतो. बुटकं नेट, लाकडी पाटासारखं पॅडल, भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू. नेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा असतो, त्याला म्हणतात किचन. तिथे काही शिजत नाही, फक्त भांडणं उकळतात. कारण किचनमध्ये पाय ठेवून हवेतला चेंडू मारायचा नाही. आधी टप्पा पडू द्यायचा. रेषेला अंगठा लागला तरी फॉल्ट. मारल्यावर तोल जाऊन आत गेलात तरी फॉल्टच.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे इथे पंच नाही. ज्याचा फॉल्ट त्याने सांगायचा. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानेच निवाडा करायचा. बाहेर असेल तर तर्जनी वर. आत असेल तर तळहात जमिनीकडे, सपाट. आणि शंका असेल तर आत. समोरच्याला माप झुकतं द्यायचं.

हॉलमध्ये सगळ्यांना धंद्यावरून हाक मारायची पद्धत होती. ती वडिलांच्या दुकानात डोळे तपासून चष्मे बनवायची, म्हणून चष्मेवाली. तो इमारतींच्या लिफ्ट तपासत फिरायचा, म्हणून पहिल्याच संध्याकाळी लिफ्टवाला झाला. मात्र तिला आणखी एक नाव होतं. ते तिच्या आतेभावाने ठेवलं होतं — हायकोर्ट.

हा आतेभाऊ विमा विकायचा. माणूस दिलदार, हसतमुख. पण चेंडू रेषेच्या आसपास पडला की त्याची तर्जनी आपोआप वर जायची. वर्षभर तो तिचा जोडीदार होता. मागच्या स्पर्धेत ऐन उपांत्य सामन्यात तिने स्वतःचाच फॉल्ट सांगितला आणि दोघं हरले.

"अगं, तुझ्याबरोबर खेळायचं म्हणजे एकट्याने तिघांशी लढायचं!" तो म्हणाला होता. "तू समोरच्यांकडूनच खेळतेस. मी दुसरी जोडीदार बघतो बाई."

त्याच्यानंतर आणखी दोघांनी हात टेकले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी जोडीदारीण कुणाला हवी? यंदा ती हट्टाला पेटली होती. सगळे नियम पाळायचे आणि स्पर्धा जिंकूनच दाखवायची. फक्त तिला तसा कुणीतरी जोडीदार मिळायला हवा होता... निम्म्या वाटेत न पळणारा.

त्या संध्याकाळी पॅडल पिशवीत कोंबता कोंबता तिने त्याला गाठलं.

"तुम्ही नेहमी असंच करता?"

"कसं?"

"जिंकलेला गुण परत करता?"

"तो जिंकलेलाच नव्हता," तो म्हणाला. मग थोडा लाजून, "माझं कामच तसलं आहे हो. लिफ्ट तपासून खाली आलो की लोक विचारतात, ठीक आहे ना? आता त्यांना 'बहुतेक' म्हणून कसं चालेल?"

ती खळखळून हसली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. तो तिने बोटाने वर ढकलला.

"स्पर्धेसाठी जोडीदार आहे तुम्हाला?"

"नाही."

"माझ्याबरोबर खेळाल? आधीच सांगते, मी फार त्रासदायक आहे."

"मला मघाशी कळलं ते," तो म्हणाला. "मी बोलायच्या आधीच तुमचं बोट वर होतं."

तिचे कान लाल झाले. म्हणजे त्याने बघितलं होतं तर!

सराव सुरू झाला. ती त्याला नियम शिकवायची आणि तो मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारायचा.

"हवेतला चेंडू मारला, समोरच्याला परत मारता आला नाही, आणि मग माझा तोल गेला तर?"

"तरी फॉल्ट."

"आणि मी जागेवरच उभा आहे, पण त्या झटक्याने टोपी उडून किचनमध्ये पडली तर?"

"तरी फॉल्ट. अंगावरची कुठलीही वस्तू पडली की फॉल्ट."

"बापरे. आणि... लक्ष गेलं तर?"

"कुठे?"

"नेटच्या अलीकडेच. शेजारी."

"लक्षाचा नियम नाही," ती गंभीरपणे म्हणाली; पण त्यानंतरची तिची सर्व्हिस थेट छताच्या पत्र्यावर जाऊन आदळली.

एक दिवस तो दुकानात हजर झाला. बाबा काच घासत बसले होते. तिने त्याला उंच स्टुलावर बसवलं, समोरचा तक्ता लावला.

"काय त्रास होतोय?"

"धूसर... म्हणजे..." तो थांबला. त्याने एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत तक्ता धडाधडा वाचून टाकला. अगदी शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत! मग आलात कशाला?"

"धूसर दिसतं असं खोटं सांगायला आलो होतो," तो हताशपणे म्हणाला. "जमलं नाही."

काच घासणारा बाबांचा हात थांबला. तिने घाईघाईने पाठ फिरवली आणि कपाटातल्या सरळच असलेल्या फ्रेमा सरळ करायला लागली.

"तुमच्याच चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय," तो निघताना दारातून म्हणाला. "उजव्या काडीचा."

"माहीत आहे. आज रात्री करते घट्ट."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "मुलाच्या डोळ्यांत काही दोष नाही. नजर मात्र तक्त्यावर नव्हती."

"बाबा!"

"आणि अख्ख्या गावाचे स्क्रू पिळतेस, स्वतःचा तेवढा राहतो बघ तुझा."

तो स्क्रू राहिलाच. स्पर्धेचा दिवस उजाडला तरी राहिला.

अंतिम सामना ठरल्यासारखा आतेभावाशी आला. त्याची जोडीदार होती दवाखान्यातली नर्स. कमी बोलणारी आणि चपळ. बाक खच्चून भरले होते. आत्या आपल्या लेकाला ओरडून प्रोत्साहन देत होती आणि मध्येच भाचीलाही, म्हणजे कुणी वाईट वाटून घ्यायला नको. बाबा दुकान लवकर बंद करून आले होते.

अकरा गुणांचा सामना, पण दोनचं अंतर हवं. खेळ रंगत रंगत दहा-नऊवर आला. पुढे होते चष्मेवाली आणि लिफ्टवाला. सर्व्हिस त्यांचीच. एक गुण, आणि स्पर्धा खिशात!

चेंडू टॉक-टॉक करत इकडून तिकडे फिरत राहिला. मग नर्सचा एक चेंडू किंचित उंच आला. चष्मेवालीने दोन्ही पाय किचनच्या रेषेबाहेर घट्ट रोवले आणि सगळा जीव एकवटून चेंडू हवेतच खाली ठोकला. आतेभाऊ नुसता बघत राहिला.

हॉलमध्ये एकच गलका झाला. बाक गदगदा हलले, आत्याने शिट्टी मारली. आणि तिला मात्र समोर फक्त दुधाळ धुकं दिसत होतं.

फटक्याच्या झटक्यासरशी चष्मा नाकावरून उडाला होता.

कुठेतरी टक असा आवाज झाला होता. पायाशी? की पुढे, किचनमध्ये? तिला काही म्हणजे काही दिसेना. सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते. खाली कुणी बघितलंच नव्हतं. ती स्वतःही सांगू शकत नव्हती. एकच माणूस होता, ज्याला तिने हा नियम शिकवला होता आणि ज्याचे डोळे शेवटच्या ओळीपर्यंत ठणठणीत होते.

"माझा चष्मा..." तिने त्या धुक्याला विचारलं. "कुठे पडलाय?"

तो म्हणू शकला असता, तुमच्या पायाशी. एवढंच म्हणायचं होतं. तिला कधीच कळलं नसतं. चषक हातात घेऊन ती घरी गेली असती आणि जन्मभर खूश राहिली असती. जिंकायला तर तीही आसुसली होती... म्हणूनच तिला भीती वाटत होती. इथेच तर प्रत्येक जोडीदार पळाला होता.

तो लगेच बोलला नाही.

"किचनमध्ये," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला. मग त्याने तो मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "थांबा, टाळ्या थांबवा. चष्मा किचनमध्ये पडलाय. आमचा फॉल्ट."

हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि ती वेड्यासारखी हसत होती. इतका आनंद तिला कुठलाही गुण मिळवून कधी झाला नव्हता.

"कसला फॉल्ट?" आतेभाऊ बुचकळ्यात पडला. "चष्म्याला कुठे पाय असतात?"

"अंगावरचं काहीही पडलं तरी फॉल्टच," नर्स म्हणाली. तिने वाकून चष्मा उचलला आणि नेटवरून पुढे केला. लिफ्टवाल्याकडे जरा वेळ बघत राहिली. "मी असते तर कदाचित गप्प बसले असते हो."

त्यांनी विश्रांती मागून घेतली. तो कोर्टावरच मांडी घालून बसला, पिशवीतून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला आणि उजव्या काडीचा स्क्रू पिळू लागला.

"ती 'आज रात्र' अजून आली नाही वाटतं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"रागावलात?"

"स्क्रूवर." त्याने काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि चष्मा स्वतःच्या हातांनी तिच्या कानांवर चढवला. धुक्यातून त्याचा चेहरा एकदम स्वच्छ, अगदी जवळ उमटला. "दिसतंय नीट?"

"हो," ती म्हणाली. "अगदी नीट."

सर्व्हिस पलीकडे गेली आणि बरोबरी झाली. दहा-दहा. आत्याने पदराने कपाळ पुसलं. पण ह्या दोघांच्या अंगात आता काहीतरी वेगळंच संचारलं होतं. हरायची भीतीच गेली होती. एकमेकांकडे न बघता त्यांना एकमेकांची जागा कळत होती. त्यांनी सर्व्हिस परत मिळवली, अकरावा गुण घेतला, आणि पुन्हा एकदा हॉल श्वास रोखून बसला.

या वेळी तिने जोर लावलाच नाही. आतेभाऊ नेटला चिकटून उभा होता. तिने चेंडू त्याच्या डोक्यावरून अलगद उचलून दिला. तो मागे धावला. चेंडू मागच्या रेषेपाशी, त्याच्या बुटाजवळ टप्पा घेऊन निघून गेला.

आत की बाहेर? कोर्ट त्याचं, निवाडाही त्याचाच.

सवयीने त्याची तर्जनी उठायला लागली.

"मला दिसला नाही," नर्स शांतपणे म्हणाली. "तू सांग."

आतेभावाने रेषेकडे बघितलं. मग नेटपलीकडच्या आपल्या मामेबहिणीकडे बघितलं, तिच्या नाकावर नुकत्याच बसवलेल्या चष्म्याकडे, तिच्याशेजारी घामाघूम उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडे. अर्ध्यात पोचलेलं बोट तिथेच अडकलं. मग त्याने एक मोठा उसासा टाकला, पंजा उघडला आणि तळहात जमिनीकडे केला. सपाट.

"आत!" तो गरजला. "रेषेवर होता, आत! वाजवा लवकर टाळ्या, नाहीतर विचार बदलेन मी!"

त्यानंतर काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आत्याची मिठी, बाबांची ओली नजर, आतेभाऊ तिला खांद्यावर उचलायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हतं. "हायकोर्टाचा विजय असो!" असं बाकांवरून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल ते ओरडायला लागला. ते नाव तिला पहिल्यांदाच गोड वाटलं.

गर्दी ओसरल्यावर दोघं नेट उतरवत राहिले. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. घडी घालत घालत दोघं जवळ आले आणि मध्ये फक्त गुंडाळलेलं नेट उरलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मघाशी तुम्ही लगेच बोलला नाहीत."

"नाही बोललो." त्याने मान खाली घातली. "तुमच्यासाठी जिंकायचं होतं. तुमच्या पायाशी पडलाय, असं म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं."

"मग?"

"मग वाटलं, चषक मिळेल, पण त्यानंतर तुमच्या डोळ्यांत बघता येणार नाही. आणि मला तर... बघायचंय. रोज." त्याने नेटची घडी उगाच पुन्हा नीट केली. "मला तुम्ही आवडता. माझ्या बाजूने अगदी स्वच्छ आहे. तुमच्या बाजूचं तुम्हीच सांगायचं. काहीही सांगितलंत तरी मी वाद घालणार नाही."

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि एखादा अवघड चेंडू बघावा तशी त्याच्याकडे बघत राहिली.

"शंका असेल तर काय धरायचं?" तिने विचारलं.

"आत," तो पुटपुटला.

"मला शंका नाही."

त्याचा चेहरा पडला. नेटवरची त्याची बोटं घट्ट झाली... आणि त्याच बोटांवर तिने आपला तळहात ठेवला. जमिनीकडे. सपाट.

"आता वर बघ ना," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं आणि फॉल्ट सांगायला दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही.