गाळा नंबर सतराबद्दल हरकत

माझं आणि विद्याधरचं लग्न झालं. हे वाक्य कृपया रद्द समजावं. असं काही झालेलंच नाही, आणि तसा कागद माझ्याकडे आहे.

तर, सत्याऐंशी सालचा मार्च. घाटकोपरच्या नवप्रभात शॉपिंग सेंटरमध्ये मी साड्यांना फॉल-पिको करत होते. नवप्रभात म्हणजे चारी बाजूंनी बंद, आत गल्ल्या, गल्ल्यांत गाळे, आणि भर दुपारी बारालाही ट्यूबलाइट. आधी तिथे म्हशींचा तबेला होता. एकोणसत्तर साली तो हटवून हे सेंटर 'वातानुकूलित' म्हणून उभं राहिलं. थंड हवेसाठी छताला पत्र्याचे बोगदे लागले, मशीन मात्र आलंच नाही. अठरा वर्षं सगळे त्या बोगद्यांकडे बघत घाम पुसत होते. म्हशींना निदान वारा तरी होता. आता हेही पाडून नवीन बांधायचं होतं, सरकत्या जिन्याचं.

गाळ्यांची नोंद करायला एक माणूस आला. त्याने लाल रंगाने माझ्या शटरवर १७ लिहिलं. मग वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेला आणि माझ्या पाठीला पाठ लावून असलेल्या गाळ्यावरही १७ लिहिलं. मूळ नकाशात तो एकच गाळा होता, मिठाईवाल्याचा, दोन तोंडांचा. मिठाई चालेना म्हणून त्याने मध्ये प्लायवूड ठोकलं होतं आणि दोन बाजू दोघांना विकल्या होत्या.

प्लायच्या पलीकडचा माणूस मी चार वर्षं नुसता ऐकत होते. ठक... मग थांबणं... मग पुन्हा ठक. मला वाटायचं, आत्मविश्वास नसलेला सुतार असावा.

त्या दिवशी भांडायला म्हणून वळसा घालून गेले. तो रबरी शिक्के बनवणारा निघाला. किडकिडीत, कानावर जांभळी शाई.

"हा सतरा माझा आहे," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं... आणि बघतच राहिला. "बॉबिन संपली की 'अगं बाई' म्हणता, त्याच ना तुम्ही?"

म्हणजे चार वर्षं मीही प्लायमधून गळत होते.

"आणि तुम्ही ठोकून थांबता कशाला?"

"अक्षरं उलटी बसवायची असतात. चुकलं की नाही, ते ठोकल्यावरच कळतं."

पोटमाळ्यावर पुनर्बांधणीचं ऑफिस होतं. तिथले राजारामभाऊ टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवून बसत. एक नंबर म्हणजे एक गाळा, नवीन इमारतीत एकच दुकान, असं त्यांनी कंटाळून सांगितलं. दोघांपैकी एकाने ना-हरकत लिहून द्यावी आणि जावं. किंवा दोघं एका कुटुंबातले असावेत. नाहीतर नंबर दुरुस्तीचा अर्ज करावा, चौकशी होईल. आम्ही अर्ज केला. काशीराम म्हणजे माझे बाबा, त्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. घर माझ्या मशीनवर होतं. विद्याधरचं आणि त्याच्या आईचं घर शिक्क्यांवर. कुणीतरी एक रस्त्यावर येणार होतं.

दर मंगळवारी आम्ही चौकशीची चौकशी करायला जायचो आणि बाकड्यावर बसायचो. तो जांभई द्यायचा, मग मी द्यायचे. पुढे पुढे कुणाची आधी आली ते कळेनासं झालं. माझी मैत्रीण शकु रोज विचारी, हात धरला का त्याने? मी सांगायचे, अगं, अजून जांभईवरच आहोत.

मग एका दुपारी प्लायच्या फटीतून चिठ्ठी आली. तिच्यावर शिक्का होता: 'चहा?' घाईत अक्षरं सुलट बसवली होती, म्हणून छापली उलटी. गिऱ्हाइकांच्या आरशासमोर धरून वाचली. चार वर्षांचा अनुभव असलेला माणूस, एका प्रश्नचिन्हात गडबडला... चहानंतर 'तुम्ही' गळून पडलं.

बाबांनी विचारलं, "तो खंयचो गो?"

"पाठीमागचा," मी म्हटलं.

जूनमध्ये शेवटची तारीख आली. चौकशी चालूच होती. त्या दिवशी पलीकडे ठक नाही की थांबणं नाही. मी पोटमाळ्यावर गेले, तर विद्याधर टेबलाशी उभा, पुढे ना-हरकतीचा कागद.

"गाळा तू घे," तो म्हणाला. "शिक्के फुटपाथवरही मारता येतात. तुझ्या मशीनला वीज लागते."

राजारामभाऊंनी स्वीकारल्याचा शिक्का उचलला. तोही विद्याधरनेच बनवलेला.

"मला हरकत आहे," मी म्हटलं.

"कशाला?" राजारामभाऊ.

"तो जाण्याला."

"वनमाला, वेडी आहेस का? गाळा जाईल ना."

"गाळ्याबद्दल कोण बोलतंय..."

राजारामभाऊंनी चष्मा काढला. हरकतीला लेखी कारण लागतं म्हणाले. मी लिहिलं: कुटुंब एकच आहे. ते म्हणाले, कधीपासून? मी विद्याधरकडे बघितलं. त्याच्या कानावरची शाई दिसेना, अख्खा कानच त्या रंगाचा झाला होता.

"येत्या सतरा तारखेपासून," तो म्हणाला. मग थांबला. नेहमीसारखा. "चुकलं का?"

"नाही. सुलट छापलंय."

लग्नाचा दाखला जोडला, गाळा दोघांच्या नावावर झाला. पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या पहिल्या अर्जाचं उत्तर आलं: 'चौकशीअंती असे आढळून आले की, सदर गाळेधारकांमध्ये कोणताही संबंध नाही.' म्हणून नंबर १७ आणि १७-अ, नवीन इमारतीत दोन दुकानं. माझं तळमजल्यावर, त्याचं तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. राजारामभाऊ म्हणाले, दोन मिळतायत, आता गप्प बसा. बाबांनी पेढे आणले.

रात्रभर आम्ही त्याबद्दल आनंद मानायचा प्रयत्न केला. दमलो. सकाळी मी अर्ज लिहिला, विद्याधरने खाली शिक्का मारला.

'मा. व्यवस्थापक यांस. दोन्ही गाळे मिळाल्याबद्दल आभारी आहोत. तथापि मधल्या दोन मजल्यांतून आवाज येण्याची सोय नकाशात दिसत नाही. सबब विनंती की, गाळा क्र. १७ व १७-अ पाठीला पाठ लावून देण्यात यावेत, आणि मध्ये जुने प्लायवूड, जे आम्ही काढून आणून खाटेखाली ठेवले आहे, ते फटीसह, आहे त्या स्थितीत बसवण्यात यावे.'