अकरावा प्रश्न आणि रादोची मान

"मी नाही म्हटलं आणि तू 'हो'वर खूण केलीस."

"म्हणालास कुठे? मान हलवलीस. बघितलं ना मी," ती म्हणाली आणि पेन कानामागे खोचलं.

हे आमचं पहिलं भांडण. इटलीत, अंकोनाच्या बंदरामागे दत्तक मुलांच्या आईबापांची एक संस्था आहे. तिथे ही नेवेना कागद घेऊन बसलेली. आम्हा दत्तक पोरांचं आयुष्य कसं चाललंय, हे म्हणे कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं. झोप, एक ते दहा. मित्र, एक ते दहा. मी म्हटलं, मी काय टायर आहे, हवा किती आहे ते बघायला? शाळा सोडल्यापासून टायरच्याच दुकानात कामाला आहे मी. ती हसली नाही, नुसते ओठ आत दाबले... तेवढ्यानेच माझा निम्मा राग उतरला, आणि त्याचाच जास्त राग आला.

अकरावा प्रश्न होता, घर आपलं वाटतं का? हो किंवा नाही. बाहेर बाकावर माझी इटालियन आई बसलेली, माझं हेल्मेट मांडीवर घेऊन. मी तोंड उघडलं नाही. मान डावी-उजवीकडे हलवली, बस.

"मी पण बल्गेरियाचीच," नेवेना हळूच म्हणाली. "सात वर्षांची असताना आणलं मला इथे. आपल्याकडे अशी मान हलवली की हो होतं, विसरलास?"

विसरेन कसा? मी सहाव्या वर्षी आलो. शाळेत बाई विचारायच्या, समजलं का? मी मान हलवायचो, की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. पोरं मठ्ठ म्हणायची. मान इटालियन करायला वर्षं गेली माझी.

"मग आत्ता कुठल्या भाषेत हलवलीस?"

मला माहीतच नव्हतं... खुर्ची ढकलून निघालो. आईला स्कूटरवर घेऊन चढाला लागलो. ती मागे बसली की थंडीत हात माझ्या जॅकेटच्या खिशात घालते. त्या दिवशीही घातले.

तीन दिवस नुसता भिरभिरत होतो. एकाच गाडीचं तेच चाक दोनदा काढलं. मालक म्हणाला, पोरा, तुझेच नट ढिले झालेत.

चौथ्या दिवशी नेवेना दुकानात आली. तिच्या स्कूटरची चाकं तर धडधाकट. कागद पुढे केला – अकराव्यावरची खूण खोडलेली.

"तुझं तू सांग. मी कशाला ठरवू?"

मी हात पुसले आणि 'हो'वर खूण केली. काळा डाग पडलाच. मग कुठून जोर आला कुणास ठाऊक, विचारलं, रविवारी पोर्तोनोवोच्या किनाऱ्यावर शिंपल्या खायला येशील? तिने माझ्याकडे बघत सावकाश मान हलवली. डावीकडे... उजवीकडे... माझे कान तापले. पाना ड्रॉवरमध्ये फेकला, म्हटलं, बरं, राहिलं.

"रादो, तू खरंच मठ्ठ आहेस," ती म्हणाली आणि गेली.

डोक्यात प्रकाश पडायला संध्याकाळ झाली.

आज रविवार. खाली हॉर्न. खिडकीतून वाकलो तर नेवेना, पिवळ्या स्कूटरवर.

"येतोस ना?"

मी मान हलवली. डावी-उजवीकडे. मुद्दाम.

मागे आई भांडी विसळत होती. तिने वळूनही नीट बघितलं नाही.

"हो म्हणालास ना, मग जॅकेट घालून जा. समुद्रावर वारा असतो."

म्हणजे हिला माझी मान कळत होती? सगळी वर्षं? विचारायचंय मला तिला, आत्ताच... पण हॉर्न थांबत नाहीये. निघायलाच हवं मला.